फरशीवर आलेला आळ

मनोरुग्णालयाच्या पुरुष वॉर्डातले मामा दारातून आत येतात तेव्हा क्षणभर दार लावून घेतल्यासारखं वाटतं. उजेड त्यांच्या दोन्ही बाजूंनी कसाबसा वाट काढतो. उंची अशी की पंखे पुसायला त्यांना स्टूल लागत नाही, आणि रुंदी अशी की ते लिफ्टमध्ये शिरले की बाकीच्यांना एकाएकी जिना चढण्याचे फायदे आठवतात. वॉर्डात त्यांना 'बुरूज' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला सांगता येत नाही, पण ज्याने ठेवलं तो फार लांबचं पाहणारा असला पाहिजे. बुरुजाचं काम काय? एका जागी उभं राहायचं आणि जो येईल त्याचा मारा सोसायचा. मामा गेली कित्येक वर्षं नेमकं तेच करतात.

नेमणूक झाली तेव्हा अर्थातच हे शब्द वापरले नव्हते. नेमणूक 'रुग्णांना दैनंदिन कामात साहाय्य' करण्यासाठी होती. तीही अपघातानेच. मामा तेव्हा लोखंडी खाटा पोचवणाऱ्या टेम्पोवर हमाली करत. रुग्णालयाला नव्या खाटा हव्या होत्या आणि जुन्या खाटेवरचा एक पेशंट काही केल्या उठायला तयार नव्हता. सगळे त्याची मनधरणी करत होते. मामांना दुसरीकडेही खाटा पोचवायच्या होत्या, म्हणून त्यांनी पेशंटसकट खाट उचलली आणि अलगद व्हरांड्यात नेऊन ठेवली. पेशंटची झोप मोडली नाही. हे पाहून तेव्हाच्या मेट्रनबाईंनी टेम्पोवाल्याला सांगितलं, "खाटा ठेवून जा, आणि हा माणूसही ठेवून जा."

एवढा थोरला देह, पण घरात झुरळ निघालं की मामा कॉटवर आणि चप्पल मामींच्या हातात. मामी उंचीने त्यांच्या कोपराला लागतात, पण घरातला बुरूज कोण हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता मामांच्या देहाची जरा पाहणी करू. डावा कान चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या कागदासारखा. पुढचा एक दात खोटा, आणि तो खऱ्या दातांपेक्षा इतका पांढरा की हसताना पहिला तोच हसतो. उजव्या हाताची करंगळी वाकत नाही. त्यामुळे चहाचा कप धरताना ती ताठ उभी राहते आणि नव्या डॉक्टरांना वाटतं, कुणीतरी मोठ्या घराण्यातला माणूस परिस्थितीमुळे इथे आलाय. मानेवर एका चाव्याची खूण. या सगळ्या जखमांचं मामांकडे एकच स्पष्टीकरण होतं, आणि ते त्यांनी डॉक्टरांना, कारकुनाला, मामींना आणि सासुरवाडीला एकाच शब्दात दिलं होतं.

"घसरलो."

मामी तर कंटाळल्या होत्या. "अहो, सरळ जमिनीवर चालता येत नाही तुम्हाला? लहान मूलसुद्धा वर्षभरात शिकतं. आणि कान कसा घसरला? कानावर चालत होता?"

"भिंतीला लागला."

"भिंतीनं चावाही घेतला असेल मग मानेला."

मामींनी त्यांचे पाय दोन वेळा दाखवून आणले, बुटांत सोल बदलून घातले, चष्म्याचा नंबर तपासला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर गरुडाची आहे. मामी म्हणाल्या, "मग पाय बदकाचे असणार."

खरी गोष्ट अशी, की पेशंटला 'धरणं' हे एक शास्त्र आहे, आणि बहुतेक शास्त्रांप्रमाणे ते चित्रात फार सुंदर दिसतं. प्रशिक्षणाच्या चित्रात पाच जण असतात. दोघं दोन हातांना, दोघं दोन पायांना आणि पाचवा डोक्याशी उभा राहून गोड बोलणारा. चित्रातला पेशंटही मोठा समंजस असतो, आपला कुठला अवयव कुणाच्या वाट्याला आलाय हे बघून तो त्याप्रमाणे पडून राहतो. वॉर्डात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा दोघं जण असतात आणि त्यातला एक चाव्या शोधायला गेलेला असतो. उरलेला माणूस म्हणजे मामा. मग मागून मिठी घालायची, दोन्ही हात आपल्या हातांत अडकवायचे, पाय आपल्या पायांनी सांभाळायचे आणि गोड बोलण्याचं खातंही स्वतःकडेच ठेवायचं. "झालं हं, झालं, आत्ता होईल, काही नाही," असं मामा म्हणत राहतात. ऐकणाऱ्याला कळत नाही की हे पेशंटला चाललंय की स्वतःला.

आणि लागलं तर सांगायचं नाही. हा वॉर्डाचा अलिखित कायदा. तो केला मोठ्या सिस्टरनी. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. त्यांचा आवाज असा की औषधाच्या गोळ्या स्वतःहून घशाखाली उतराव्यात. एखाद्या पेशंटने नोकराला मारल्याची नोंद झाली की त्याला मागच्या वॉर्डात हलवायचं, असा रुग्णालयाचा नियम होता. मागच्या वॉर्डाला कुलूप, खिडक्या छताजवळ, आणि घरच्यांची भेट जाळीच्या अलीकडून. एकदा तिकडे गेलेला माणूस सहसा इकडे परत येत नसे. म्हणून सिस्टर सांगत, "पेशंट मारत नाही, आजार मारतो. आणि आजाराला मागच्या वॉर्डात टाकायची सोय नाही. तेव्हा पडलो म्हणायचं आणि मलमपट्टी करून घ्यायची."

सगळे 'पडलो' म्हणू लागले. इथवर ठीक होतं. पण नोंद करणारा कारकून हा अतिशय व्यवस्थित माणूस. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा. त्याला नुसतं 'पडलो' पुरेना. माणूस कारणाशिवाय पडतोच कसा? पहिल्यांदा कधीतरी त्याने आपल्या मनानेच 'ओल्या फरशीवरून घसरून' असं लिहिलं, ते त्याला वाचायला बरं वाटलं, आणि पुढे जो कुणी पडेल तो ओल्या फरशीवरूनच पडू लागला. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सांगणाऱ्यांच्या मनात तर निव्वळ पुण्य होतं. फक्त एका व्यक्तीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही, ती व्यक्ती म्हणजे ती फरशी पुसणाऱ्या मावशी.

मावशी किडकिडीत, पदर खोचलेल्या, आणि वॉर्डात कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्यांची नोकरी हंगामी होती. हंगाम कुठला ते विचारू नये, कारण तो पुष्कळ वर्षं संपलेला नव्हता. पण त्यांचा फरशीवर जीव. आधी ओलं फडकं, मग पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं. आणि शेवटी स्वतः अनवाणी चालून बघणार. ओलसर लागलं तर परत कोरडं फडकं. त्या फरशीवरून घसरायचं म्हटलं तर मुद्दाम सराव करावा लागला असता.

तर त्या दिवशी मास्तरांना झटका आला.

मास्तर हे वॉर्डातले सगळ्यांत सभ्य गृहस्थ. वजन म्हणाल तर भिजलेल्या शर्टाएवढं. एरवी ते सगळ्यांना 'आपण' म्हणतात, पाणी दिलं तरी आभार मानतात, आणि दर आठवड्याला मुलगी भेटायला आली की तिच्या ऑफिसातल्या लोकांची चौकशी करतात. पण आजार उसळला की त्यांना एकच दिसतं, शाळेला आग लागली आहे आणि वरच्या वर्गात मुलं अडकली आहेत. मग त्यांना जिना चढायचा असतो. आणि जो आडवा येईल तो मुलांचा वैरी.

मामांनी मागून मिठी घातली. "झालं मास्तर, मुलं उतरली सगळी, सगळी खाली आली."

"वरच्या वर्गातली?" मास्तर ओरडले.

"ती पण!"

"खोटं बोलता!" आणि भिजलेल्या शर्टाएवढ्या मास्तरांनी मागे असं कोपर हाणलं की मामांच्या बरगडीत काहीतरी वाळकी काटकी मोडावी तसं वाजलं. मामांनी हात सोडले नाहीत. सिस्टरनी इंजेक्शन दिलं. मास्तर शांत झोपले. मामा शेजारच्या बाकावर बसले आणि श्वास कुठल्या बाजूने घ्यावा याचा विचार करू लागले.

दुसऱ्या दिवशी मास्तर जागे झाले ते पुन्हा लोण्यासारखे मऊ. मामांना छाती धरून बसलेलं पाहून त्यांनी विचारलं, "आपल्याला बरं नाही का?"

"काही नाही मास्तर. घसरलो जरा."

"आपण फार घसरता," मास्तर कळवळून म्हणाले. "जपून चालत जा. आपल्यासारख्या देहाला पडणं परवडत नाही."

इकडे कार्यालयाने हिशेब केला, की पुरुष वॉर्डात जितके लोक घसरतात तितके बाकीच्या सगळ्या इमारतीत मिळून घसरत नाहीत. अधीक्षकांना काळजी वाटली. अधीक्षक म्हणजे ज्यांना वॉर्ड फक्त नकाशावर ठाऊक आहे असे सद्गृहस्थ. त्यांनी ताबडतोब उपाय सुरू केले. आधी 'फरशी ओली आहे' अशी पिवळी पाटी आली. ती एका पेशंटने उशाशी घेतली आणि परत दिली नाही. मग सगळ्यांना खरबरीत तळव्याचे बूट आले. मामांच्या मापाचे नव्हते. त्यांना दोन डावे मिळाले. आणि शेवटी एक तज्ज्ञ आले. त्यांनी सभागृहात 'चालावे कसे' या विषयावर व्याख्यान दिलं. आधी टाच, मग चवडा. मान सरळ, नजर समोर. बरगडी मोडलेले मामा, हनुवटीला टाके पडलेला एक परिचारक आणि मनगट मुरगळलेल्या एक नर्स पहिल्या रांगेत बसून टाच-चवडा ऐकत होते. तज्ज्ञांनी मामांना उभं करून चालून दाखवायला लावलं. चालणं पाहून ते म्हणाले, "बघा, लक्ष देऊन चाललं की जमतं!" टाळ्या झाल्या.

हे इथेच थांबलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण टाच-चवडा करूनही पुढच्याच आठवड्यात आणखी एक परिचारक 'घसरला', आणि अधीक्षकांच्या लक्षात आलं की चालणाऱ्यांत दोष नाही, तेव्हा तो पुसणाऱ्यात असणार. मावशींना सांगण्यात आलं, चौकशी होईल. तिचा निकाल लागेपर्यंत घरी बसा. आणि निकाल विरुद्ध गेला तर पुन्हा येण्याची तसदी घेऊ नका.

मावशी घरी गेल्या नाहीत. त्या सरळ वॉर्डातल्या चहाच्या खोलीत आल्या. कपडे बाहेर जायचे, हातात पिशवी, आणि डोळे लाल.

"कोण कोण घसरलं माझ्या फरशीवर?" त्यांनी विचारलं. "हात वर करा. मला तोंडं तरी बघू देत."

कुणी हात वर केला नाही. हनुवटीवाला परिचारक बशीत बघू लागला.

"बुरूजमामा, तुम्ही तर म्हणे माझ्या फरशीवर आयुष्य काढलंत. केव्हा पडलात? मी कुठे होते? एवढा डोंगर कोसळला असता तर मला आवाज नसता आला?"

"मावशी, ते काय झालं..." मामा म्हणाले.

सिस्टर मध्ये पडल्या. "मावशी, तुझ्यावर कुणाचा राग नाही गं. हे पेशंटच्या भल्यासाठी..."

"पेशंटचं भलं करा की! मी कुठे नको म्हणते? पण माझी फरशी कशाला? छत होतं, भिंती होत्या, ते कुलूप होतं. कशावरही घाला. माझी फरशी कोरडी असते!" आणि हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फुटला. नोकरी जाणार याच्यापेक्षा फरशी ओली ठरणार याचं दुःख मोठं होतं की काय कोण जाणे. पण नोकरी जाणार होती हेही खरंच. घरात नवऱ्याला दम्याने अंथरूण धरायला लावलेलं, आणि मुलगी शिकत होती.

त्या दिवशी मामा घरी आले ते जेवले नाहीत. मामींनी आधी ताप बघितला, मग जीभ बघितली, मग म्हणाल्या, "परत घसरलात?"

"अगं, मी कधीच घसरलो नाही," मामा म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. कान कुणी पिळला, दात कुणी पाडला, करंगळी कुणाच्या मुठीत राहिली. मामी ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला.

"म्हणजे तुम्हाला मारतात?"

"आजार मारतो."

"आजाराला कोपर असतं का? आणि मी इतकी वर्षं तुमच्या तळपायांना तेल चोळतेय! बरगडी मोडली असताना तळपायांना तेल! तोंडातून शब्द नाही काढलात?"

"बरं वाटायचं गं."

मामींनी हातातला चमचा आपटला. मग त्यांनी विचारलं, "आता चौकशीत काय सांगणार?"

मामांची अडचण ऐकण्यासारखी होती. खरं सांगावं तर मास्तर मागच्या वॉर्डात जाणार आणि त्यांच्या मुलीला बाप जाळीतून बघावा लागणार. शिवाय, हे मामांनी जरा हळू आवाजात सांगितलं, बुरुजाला एका भिजलेल्या शर्टाने पाडलं हे सगळ्यांना कळणार. हमालीच्या दिवसांतले दोस्त अजून भेटतात. ते काय म्हणतील?

"ते हसतील," मामी म्हणाल्या. "हसू देत. पण त्या बाईच्या पोटावर पाय देऊन तुमचा बुरूज उभा ठेवायचा असेल तर मला तसं सांगा. मी उद्या माहेरी जाते."

माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण धमकीला अंतर लागत नाही.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत झाली. जमिनीवर जाड गालिचा, खिडकीला पडदे. मधोमध बाहेरून आलेले चौकशीसाहेब. टापटीप, गुळगुळीत दाढी, पोट आत ओढून बसायची सवय. बाजूला अधीक्षक. कोपऱ्यात लिहून घ्यायला कारकून, पेन्सिली उंचीप्रमाणे. दाराजवळच्या स्टुलावर मावशी.

"हं, आपण किती वेळा घसरलात?" साहेबांनी विचारलं.

"एकदाही नाही, साहेब."

कारकुनाची पेन्सिल थांबली. अधीक्षकांनी घसा साफ केला.

"मला पेशंटनी मारलं," मामा म्हणाले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "म्हणजे मारलं नाही. धरताना लागलं. दर वेळी धरतानाच लागलं. फरशी चांगली आहे. फरशीसारखी फरशी नाही."

"शेवटची इजा कुणामुळे?"

मामांनी डोळे मिटले आणि मास्तरांचं वर्णन केलं. वय, उंची, वजन.

साहेब हसले. मोठ्याने नाही, शिक्षण झालेलं असल्यामुळे नाकातल्या नाकात. "आपण स्वतःकडे आरशात पाहिलंय ना? एवढ्याशा म्हाताऱ्याने आपली बरगडी मोडली? या बाईंना वाचवायचं म्हणून सांगताय, ते कळतं मला. भावना चांगली आहे. पण पटेल असं तरी सांगा."

"खरं तेच सांगतो, साहेब. धरलं की माणूस वेगळाच होतो."

"धरण्याची पद्धत असते. पद्धतशीर धरलं तर कुणाला काही लागत नाही, हे मी स्वतः पुस्तकात वाचलंय." साहेब उठले. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. "चला, करून दाखवा. मी पेशंट. धरा मला."

"नको, साहेब."

"अहो, धरा. मी घाबरत नाही. रोज व्यायाम करतो."

मामांनी साहेबांना धरलं. पण कसं? नव्या काचेचं कपाट धरावं तसं, बोटांच्या टोकांनी. साहेब वैतागले. "हे धरणं झालं? असं धरलं तर पेशंट घरी जाऊन जेवून येईल. नीट धरा! वॉर्डात धरता तसं!"

हुकूम म्हणजे हुकूम. मामांनी मागून मिठी घातली, दोन्ही हात अडकवले, पायांना पाय लावले. साहेबांचं आत ओढलेलं पोट पहिल्यांदाच बाहेर आलं आणि पाय गालिच्यापासून किंचित वर आले. सवयीने मामांच्या तोंडून निघालं, "झालं हं, झालं, आत्ता होईल..."

साहेबांचा चेहरा बदलला. हसू गेलं. मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. "बरं. कळलं. सोडा," ते म्हणाले. पण पेशंटही 'सोडा' म्हणतातच, आणि तेव्हा सोडायचं नसतं हे मामांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मिठी जरा आवळली. "काही नाही, काही नाही..."

"सोडा म्हणतो ना! सोड! ए, सोड मला!" साहेब किंचाळले, आणि त्यांचं कोपर मागे गेलं.

तीच बाजू. तीच बरगडी. आवाजसुद्धा तोच.

मामा गालिच्यावर बसले. साहेब धापा टाकत होते. केस कपाळावर आलेले, शर्ट बाहेर आलेला. मामांनी हात सोडले होते, तरी ते दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकले होते.

"मी... मी मुद्दाम नाही मारलं," ते म्हणाले.

"नाही, साहेब," मामा खालून म्हणाले. श्वास अर्धाच येत होता, पण त्यांना साहेबांचीच दया आली होती. "मुद्दाम कुणीच मारत नाही. पाणी प्या थोडं. बरं वाटेल."

अधीक्षक हा कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवणारा माणूस. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि कारकुनाला हळूच म्हणाले, "असं लिहा, की चौकशीच्या वेळी मामा घसरले."

स्टुलावरून मावशी ताडकन उठल्या. "ही खोली मी पुसत नाही हं! आधीच सांगून ठेवते! आणि इथे गालिचा आहे!"

कारकुनाने पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कारण सुचेना.

पुढचं सगळं साहेबांनी केलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी शर्ट आत खोचला, मामांना उठवायला हात दिला (मामा उठले नाहीत, साहेबच वाकले) आणि विचारलं, "अधीक्षक, पेशंटने नोकराला मारलं तर आपण काय करता?"

"मागच्या वॉर्डात हलवतो."

साहेबांनी स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. "मग आज मला हलवावं लागेल," ते म्हणाले. अधीक्षक हसले. मग साहेब हसत नाहीत हे बघून हसायचे थांबले.

निकाल जो आला तो अर्थातच कार्यालयाच्या भाषेत आला. त्यात कुणी कुणाला मारल्याचा उल्लेख नव्हता; 'सेवेदरम्यान अनाहूत शारीरिक संपर्क' असं काहीतरी झालं होतं. त्याची नोंद इथून पुढे व्हावी, त्यावरून पेशंटला हलवू नये, आणि धरायला पाच माणसं असावीत असं साहेबांनी सुचवलं होतं. अधीक्षकांनी पाचांना मंजुरी मागितली, तीन आली, आणि प्रत्यक्षात वॉर्डात एकच जण आला. तोही चाव्या शोधण्यात हुशार निघाला. पण मास्तर जिथे होते तिथेच राहिले, आणि मावशी कामावर परत आल्या. हंगामीच. हंगाम अजून संपलेला नाही.

मामांच्या हमालीच्या दोस्तांना सगळं कळलं. ते हसले. मामांना वाटलं होतं तेवढं लागलं नाही; म्हणजे त्यांच्याबरोबर हसताना बरगडीला लागलं ते सोडून.

आल्याबरोबर मावशींनी पदर खोचला, वॉर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून काढला, अनवाणी चालून बघितलं, आणि मग सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. आभारबिभार काही नाही. मध्यभागी उभ्या राहून म्हणाल्या, "आता एकेकाने सांगायचं. मला हिशेब पुरता करायचाय. बुरूजमामा?"

"फरशीवरून एकदाही नाही."

"तुम्ही?"

"पेशंटची लाथ," हनुवटीवाला म्हणाला.

"तुम्ही?"

"दारात हात सापडला," मनगटवाल्या नर्स म्हणाल्या. "पेशंटने दार ओढलं."

मावशींची मान प्रत्येक उत्तराला वर वर होत चालली होती. चेहरा उजळत चालला होता. शेवटी राहिल्या मोठ्या सिस्टर. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"सिस्टर, तुम्ही मागे एकदा पाय मोडून घेतला होता ना? प्लॅस्टर होतं की. तो कुणी मोडला?"

सिस्टरनी खिडकीचं दार उगाच ओढून घेतलं.

"सांगा की. आता कशाला लपवायचं? कुणाला हलवणार नाहीत."

"चक्कर आली होती," सिस्टर म्हणाल्या. ज्या आवाजाने गोळ्या घशाखाली उतरत तो आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

मामांनी सिस्टरकडे पाहिलं. इतकी वर्षं खोटं बोलल्यावर दुसऱ्याचं खोटं लगेच ओळखू येतं. "सिस्टर," ते हळूच म्हणाले, "मी पण आधी असंच म्हणत होतो."

सिस्टरनी डोळे मिटले. "घसरले होते," त्या म्हणाल्या. "खरोखरची. त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी. जरा ओलं होतं."

हनुवटीवाल्याने टाके उसवतील इतके ओठ दाबून धरले.

"ओलं?" मावशी म्हणाल्या. "माझी फरशी?"

"थोडंसं गं. कडेला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुझी नोकरी गेली असती!"

मावशी फडकं उचलून तरातरा बाहेर गेल्या. पुढे आठवडाभर त्या सिस्टरशी एक शब्द बोलल्या नाहीत. मामांशी बोलत होत्या, मास्तरांशी बोलत होत्या, कारकुनालासुद्धा माफ केलं होतं. फक्त त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी दिवसातून चारचार वेळा बसून घासताना दिसत, आणि सिस्टर जवळून गेल्या की कोरडं फडकं जरा जास्तच जोराने झटकत.